फातोर्ड्याचा सामना कुणाकुणाला दिसला?

2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पुन्हा तोच वाद रंगला. ‘तिथे कोट्यवधी ओतायचे आणि आमच्या मैदानाला साधं कुंपण नाही,’ एक सर म्हणाले. त्यांचं खोटं नाही. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या शाळेचं मैदान म्हणजे लाल माती आणि चिऱ्याची खडी. पडलं की गुडघा सोलवटलाच. तरीही अशा स्पर्धा आपल्याकडे व्हाव्यात, असंच मी म्हणते.

26 ऑक्टोबर 2022. सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने मडगावातल्या फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर होते. दिवाळीची सुटी, घरोघरी पाहुणे, तरी पालकांनी गाडी ठरवून दिली आणि आम्ही मुलींना घेऊन मडगाव गाठलं. कोलंबिया विरुद्ध नायजेरिया. आमची विंगवर खेळणारी नववीतली मुलगी कठड्याला चिकटून बसली होती. सगळ्यांच्या नजरा चेंडूवर, हिची मात्र कोलंबियाच्या लिंडा कायसेदोवर. बऱ्याच वेळाने म्हणाली, “टीचर, पास यायच्या आधी ती दोनदा मागे बघते. एकदा या खांद्यावरून, एकदा त्या.” हेच मी तिला वर्षभर ओरडून सांगत होते! टीव्हीवर हे कळत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि चेंडू नसलेली खेळाडू चौकटीबाहेर राहते. सामना गोलशून्य राहिला, पेनल्टींवर कोलंबियाने 6-5 असा जिंकला. पुढच्या वर्षी सिडनीत मोठ्यांच्या विश्वचषकात अठरा वर्षांच्या कायसेदोने जर्मनीविरुद्ध गोल केला, तेव्हा आमच्या मुलींच्या ग्रुपवर ‘आमची लिंडा’ म्हणून मेसेजचा पाऊस पडला.

पण गाडीत जागा किती? बाकीच्या मुलींनी काय करायचं? आपण यजमानपदाचा हिशेब सिमेंट आणि हॉटेलांत मांडतो, प्रक्षेपणाचं कुणी विचारतच नाही. कोविडच्या काळात आयएसएलचे, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचे, दोन हंगाम गोव्यातच झाले, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर. 2022 चा अंतिम सामना सोडला तर प्रेक्षकांना आत प्रवेश नव्हता, त्यामुळे स्टेडियमच्या शेजारी राहणाऱ्यालाही सामना टीव्हीवरच बघावा लागला. ज्याच्या पॅकमध्ये ते चॅनेल नव्हतं, त्याला नुसता दिव्यांचा झगमगाट दिसला.

2007 चा एक कायदा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या स्पर्धांचं थेट प्रक्षेपण खासगी वाहिनीने दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचं, तेही स्वतःच्या जाहिराती काढून. चांगला कायदा. पण 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने आपल्या अँटेनावर आणि फ्री डिश या स्वतःच्या मोफत डिश सेवेवरच दाखवायचं, खासगी केबलवर नाही. हक्कांसाठी पैसे मोजणाऱ्या वाहिनीची बाजू मला कळते. पण केबल असलेल्या घरात डीडी स्पोर्ट्स लागतं आणि तो सामना मात्र दिसत नाही, हे मी त्या आठवी-नववीच्या मुलींना कसं समजावू?

त्या विश्वचषकात आपल्या मुली भुवनेश्वरला तिन्ही सामने हरल्या. अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3, ब्राझीलकडून 0-5. लोक म्हणाले, यजमान म्हणून खेळायला मिळालं आणि नाक कापून घेतलं. मला हे बोलणं फार लागतं. आठ गोल खाल्ल्यावरही तीन दिवसांनी पुन्हा मैदानात उतरणं सोपं नसतं. आणि पात्रता फेरीशिवाय का होईना, त्या तिथे होत्या म्हणूनच आमच्या मुलींना कळलं की आपल्या वयाच्या भारतीय मुली ब्राझीलशी खेळतात.

म्हणून स्टाफरूममध्ये मी सरांना सांगितलं: कुंपण मागूया, मी पहिली सही करते. त्याच अर्जात हेही लिहूया की गोव्यात यापुढे जी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होईल, तिच्यात एक स्टँड सरकारी आणि अनुदानित शाळांच्या मुलांसाठी राखून ठेवा, सत्तरी-काणकोणसारख्या लांबच्या तालुक्यांतून येणाऱ्यांना कदंबची, म्हणजे सरकारी, बस द्या, आणि सामने फुकट दिसणाऱ्या वाहिनीवर दाखवा, मुलींचे असोत की मुलांचे. सरांनी कागद मागवला. अर्ज तयार आहे, सह्या सुरू आहेत.