तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्तातला ओव्हरक्लॉक आणि सोलापूरचा उन्हाळा

"सर, दहा-बारा हजारांत ओव्हरक्लॉक होणारा भारी प्रोसेसर कुठला, सांगा की ओ." बारावीचे निकाल लागले की हा प्रश्न सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत थांबत नाही. ओव्हरक्लॉक म्हणजे कंपनीने ठरवलेल्या गतीपेक्षा जास्त गतीने प्रोसेसर पळवणं. विचारणारा बहुतेक वेळा अठरा-एकोणीसचा असतो. मागे उभे असलेले वडील फक्त आकडा ऐकायला आलेले असतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: एएमडीचा रायझन ५ ५६०० घ्या, बी५५० मदरबोर्डावर बसवा आणि ओव्हरक्लॉकच्या भरवशावर काहीही विकत घेऊ नका. पहिली दोन वाक्यं पटतात, तिसऱ्यावर पोरं नाराज होतात. म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

स्वस्त प्रोसेसर घेऊन महागड्याची बरोबरी करायची, ही कल्पना खोटी नव्हती. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याचा बस स्पीड, म्हणजे बोर्डाशी बोलण्याचा वेग, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर सरळ ४५० वर पळायचा, म्हणजे दीडपट. २०१४ मध्ये पेंटियमच्या वीस वर्षांनिमित्त जी३२५८ आला. दोनच कोअर, पण गुणक (बसच्या वेगाला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरची गती ठरते तो) उघडा, म्हणजे बदलता येणारा, त्यामुळे ३.२ गिगाहर्ट्झचा तो गडी साडेचारपर्यंत जायचा. त्या काळात कंपन्या प्रोसेसर विकताना वेग बराच राखून ठेवायच्या आणि तो शिल्लक वेग आपण फुकटात काढून घ्यायचो.

आता कंपनी ती शिल्लक स्वतःच वापरते. ५६०० ची मूळ गती ३.५ गिगाहर्ट्झ, पण तापमान आणि वीज परवानगी देईल तसा तो आपणहून ४.४ पर्यंत चढतो. पीबीओ, म्हणजे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह ही एएमडीची या मर्यादा वाढवणारी सोय, लावून त्यात वरचे २०० मेगाहर्ट्झ मिळाले, तर हिशेब साडेचार टक्क्यांचा होतो. गेममध्ये सेकंदाला साठ फ्रेम मिळत असतील तर बासष्ट-त्रेसष्ट होतील, आणि तेही गेम प्रोसेसरवर अडलेला असेल तरच.

इंटेलचं विचाराल तर तिथे ओव्हरक्लॉकसाठी नावापुढे 'के' असलेला प्रोसेसर लागतो आणि त्याच्यासोबत झेड मालिकेचा बोर्ड. 'के'वाल्याच्या खोक्यात कूलर येत नाही, तो वेगळा घ्यायचा. तीन खर्च जोडून बघा, त्या पैशांत ग्राफिक्स कार्ड एक पायरी वरचं येतं. आय५ १२४००एफ उत्तम आहे, पण त्याचा गुणक बंद असतो. एएमडीचे साधे रायझन उघडे असतात आणि बी३५०, बी४५०, बी५५० या मधल्या बोर्डांवरही गती वाढवता येते. ए३२० आणि ए५२० वर मात्र ती सोय नाही, म्हणून बोर्ड घेताना ते एक अक्षर नीट वाचा.

दुकानात हटकून पुढे केला जाणारा रायझन ५ ५५०० इथे बऱ्याच जणांना मोह घालतो. तोही सहा कोअर, बारा थ्रेड. दोन पैसे कमी. "गती वाढवली की ५६०० च होतो," असं कुणीतरी सांगितलेलं असतं. होत नाही. ५६०० मध्ये एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट स्मृती, ३२ मेगाबाइट आहे, ५५०० मध्ये १६. गेमला लागणारी माहिती कॅशमध्ये सापडली नाही की प्रोसेसर रॅमकडे हात पसरून थांबतो, आणि थांबलेल्या माणसाला कितीही चपळ केलं तरी तो थांबलेलाच. याचा पुरावा एएमडीनेच २०२२ मध्ये दिला. रायझन ७ ५८००एक्स३डी ची कमाल गती आधीच्या ५८००एक्स पेक्षा कमी होती, गुणकही बंद, पण कॅश ९६ मेगाबाइट. गेममध्ये त्याने ५८००एक्स ला मागे टाकलं. म्हणून पैसे कमी असतील तर गतीआधी कॅश बघा, असं मी सांगतो.

आता आपल्या गावाचं. इंटरनेटवरचे व्हिडिओ एसी लावलेल्या खोलीत काढलेले असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो आणि अनेकांचा कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर, पत्र्याखालच्या खोलीत असतो. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या तापमानावर किती अंश चढायचे, एवढंच ठरवतो. समजा खोली २५ अंशांवर असताना पूर्ण भारात प्रोसेसर ७० दाखवतो, म्हणजे ४५ अंशांची चढ. तीच खोली ४२ वर गेली की तो ८७ दाखवणार. ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे. म्हणजे काहीही न छेडता तो कडेलोटावर उभा आहे.

त्यात व्होल्टेज वाढवा. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. १.२५ चं १.३५ केलं आणि गती साडेचार टक्के वाढवली, तर उष्णता बावीस टक्क्यांच्या आसपास वाढते. ४५ ची चढ ५५ झाली. ४२ अधिक ५५, सत्त्याण्णव. ९० च्या पुढे प्रोसेसर जाऊ देत नाही, तो आपली गती स्वतःच खाली आणतो. विकत घेतलेली गती दुपारी परत.

मला येणाऱ्या तक्रारींचा हंगामही त्यामुळे ठरलेला आहे. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत कुणीतरी रात्रभर बसून सेटिंग लावतो, सगळ्या चाचण्या पास होतात, स्क्रीनशॉट मित्रांना जातात. एप्रिलमध्ये त्याचाच फोन येतो की गेम मध्येच बंद पडतोय, कार्ड खराब झालं का बघा. कार्ड ठणठणीत असतं. मी आधी बायोस, म्हणजे बोर्डाच्या सेटिंग ठेवणारं सॉफ्टवेअर, मूळ सेटिंगवर नेतो, मग पुढे बोलतो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत आणखी एक भानगड असते. शेजारी यंत्रमाग चालू असले की हवेत कापसाचे बारीक तंतू उडत राहतात. खोक्यातल्या छोट्या कूलरचा पंखा काढून बघितला, तर पंखा आणि अॅल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये राखाडी रंगाची चक्क गादी तयार झालेली असते. बोटाने उचलली तर अखंड निघते. वरून पंखा फिरताना दिसतो, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. तिथे मऊ ब्रशने जे अंश खाली येतात, ते प्रोसेसर आणि कूलरमध्ये लावायच्या कुठल्याही महागड्या पेस्टने येत नाहीत. आणि डेझर्ट कूलर लावत असाल तर खुशाल लावा, आपल्या कोरड्या हवेत तो खोली चांगली गार करतो, फक्त त्याचं तोंड कॅबिनेटवर ठेवू नका. दमट झोत थेट आत नको.

मग बायोसमध्ये काहीच करायचं नाही का? करायचं, पण उलट्या दिशेने. कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सोय आहे, त्यात सगळ्या कोअरना उणे १५ देऊन बघा. प्रोसेसर कमी व्होल्टेजवर तीच गती धरतो, गार राहतो आणि गार राहिल्यामुळे वरची गती जास्त वेळ टिकवतो. अडखळला तर उणे १०. प्रत्येक नग वेगळा असतो, मित्राचा आकडा उतरवून घेऊ नका. दुसरं म्हणजे रॅम. एकच १६ ऐवजी आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या आणि एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्यावर लिहिलेल्या गतीने चालवणारी बायोसमधली सेटिंग, चालू करा. ३२०० ची रॅम एक्सएमपी न लावता कित्येक घरांत २४०० किंवा त्याहून खाली वर्षानुवर्षं चालते. व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये या दोन गोष्टींचा फरक डोळ्यांना दिसतो. पीबीओ मात्र वॉरंटीत बसत नाही, त्यामुळे झालेलं नुकसान एएमडी भरून देत नाही, हे पैसे देणाऱ्या वडिलांनाही माहीत असू द्या.

प्रोसेसर बदलायचाच असं ठरवण्याआधी एक गोष्ट करा. गेम चालू ठेवून ग्राफिक्स कार्डाचा वापर बघा. तो ९७-९९ टक्के दिसत असेल, तर अडलंय कार्ड. प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय, त्याला ओव्हरक्लॉक करून एक फ्रेम वाढणार नाही. कार्ड साठ-सत्तरवर रेंगाळत असेल आणि रिझोल्यूशन कमी करूनही फ्रेम तेवढ्याच राहत असतील, तर प्रोसेसरकडे वळा.

आणि ज्यांच्याकडे बी४५० वर जुना रायझन ५ १६०० किंवा २६०० आहे, त्यांनी त्याच्यावर नवा कूलर घालून गती ओढण्यात पैसे घालवू नयेत. बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर ५६०० बसवा, रॅमही तीच चालते. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड उठत नाही, तेव्हा यूपीएस नसेल तर त्या तासापुरता शेजाऱ्याचा आणा.