गच्चीवरची बाग : तेरावा व्हिडिओ काढून टाकला

चौदावा व्हिडिओ रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पण आधी तेराव्याची हकीकत.

त्यात जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी दिसणारी पांढरी कीड, दाखवला होता. लिटरभर कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब, मग ५ मिली नीमतेल आणि बाटली सतत हलवत फवारणी. प्रमाण बरोबर होतं. ‘ऊन उतरल्यावरच मारा’ हेही मी दोनदा बोललो होतो. शूटिंग मात्र दुपारी साडेबाराला, कारण माझ्या मोबाइलला उजेड लागतो.

आठवड्याने तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कुंडीच उचलून दारात हजर. पानांवर तपकिरी चट्टे, कडा करपलेल्या.

“अरे, तूच तर भर उन्हात मारत होतास!”

“काकू, मी बोललो होतो की संध्याकाळी.”

“मी कुकर लावताना बघते रे. आवाज कुठे ऐकू येतो?”

बरोबर होतं त्यांचं. त्या रात्रीच व्हिडिओ काढला.

चौदावा सहा वाजता केला. बायकोने टॉर्च धरला, तरी चित्र काळपटच आलंय. पण या वेळी सुरुवात मुंग्यांपासून केली. जास्वंदीच्या खोडावर मुंग्यांची रांग दिसली की शेंड्याकडची आकसलेली पानं उलटून बघायची. ढेकणाचा गोड चिकटा मिळावा म्हणून मुंग्या त्याला राखतात. आधी जुन्या टूथब्रशने तो कापूस खरवडला, पाण्याच्या जोरदार धारेने झाड धुतलं, पाणी निथळल्यावर पानांच्या खालून नीमतेल. त्या कापसात अंडी असतात आणि ती एका फवारणीत मरत नाहीत, म्हणून सात दिवसांनी पुन्हा. ही दुसरी फवारणीही आता त्याच व्हिडिओत जोडली आहे, कुंडीला तारखेची चिठ्ठी चिकटवून. आवाज बंद असला तरी कळेल.

कंपोस्टच्या व्हिडिओतही माझी हीच गफलत झाली होती. रंगाच्या बादलीला भोकं पाडण्यापासून काळंभोर खत हातात घेईपर्यंत सगळं दोन मिनिटांत. मग दहाव्या दिवशी निरोप सुरू : ‘वास येतोय, फेकून देऊ का?’ फेकू नका. ओलं जास्त झालंय. वाळका पाला घाला आणि खालपर्यंत ढवळा. आता तो वासाचा दिवसही दाखवणार आहे.

स्लॅबवर वजन नको म्हणून अध्यक्ष कुरकुरत होते. त्यांना मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीबद्दल सांगितलं. तिथे २००२ पासून स्वयंपाकघरातल्याच कचऱ्यावर बाग फुलवली गेली. आमच्या कुंड्यांतही माती थोडी, पाला जास्त, म्हणजे वजन कमी. तूर्त परवानगी आहे.

पुढचा व्हिडिओ मेथीचा. संध्याकाळी शूटिंग करणाऱ्यांनी कोणता स्वस्त दिवा वापरता ते कळवा. टॉर्च धरणारीने संप पुकारलाय.