तेरा रनमागे एकदा लाल होणारी टेस्ट

सॉफ्टवेअर आपोआप तपासणाऱ्या एका टेस्टने माझे कामाचे नऊ दिवस खाल्ले. लॉगमध्ये, म्हणजे प्रत्येक रनच्या नोंदीत, एक ओळ असती तर त्यातले निदान सात वाचले असते. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

आधीचं थोडक्यात सांगते. बिलिंगच्या ऑटोमेटेड टेस्टसाठी आम्ही प्रॉडक्शन डेटाची, म्हणजे खऱ्या ग्राहकांच्या माहितीची, प्रत मागितली होती, नावं-पत्ते पुसून. परवानगी नाकारली गेली, आणि ते योग्यच झालं. नाव पुसलं म्हणून माणूस लपत नाही. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० साली १९९० च्या जनगणनेवरून अंदाज मांडला होता की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी झिप कोड (तिकडचा पिनकोड) एवढ्यावरच अमेरिकेतले ८७ टक्के लोक बहुधा एकेकटे ओळखता येतील. मग आम्ही फेकर ही खोटी नावं-पत्ते बनवणारी लायब्ररी वापरून कृत्रिम डेटा तयार केला. दोन दिवसांत जनरेटर झाला, टेस्ट हिरव्या झाल्या, म्हणजे पास.

काही दिवसांनी रात्रीच्या रनमध्ये एक टेस्ट लाल, म्हणजे फेल, दिसली. एका ग्राहकाची बाकी रक्कम जुळत नव्हती. सकाळी कुणीतरी रन पुन्हा चालवला, हिरवा झाला, विषय संपला. पुढे कधी तरी पुन्हा लाल, पुन्हा बाकीच चुकलेली, पण ग्राहक वेगळा. पुन्हा रन, पुन्हा हिरवा. ‘फ्लेकी आहे (कधी पास, कधी फेल), सोड’ हे वाक्य मी त्या काळात इतक्यांदा ऐकलं की आजही ते कानावर पडलं तरी चीड येते. पैशांच्या हिशोबाची टेस्ट कधी बरोबर आणि कधी चूक सांगत असेल, तर ती सोडायची कशी?

मी ती हातात घेतली आणि अडकले. माझ्या मशीनवर ती फेल होईचना. वीस वेळा चालवली, सगळ्या हिरव्या. डेव्हलपरने राउंडिंगचा कोड तपासला, मी करांचा. दोघांनी मिळून तीन दिवस पैशांच्या दशांशात घालवले, आणि चूक तिथे नव्हतीच. प्रत्येक रनला डेटा नवा, रन संपला की डेटाबेस साफ. त्या रात्री नेमके कोणते ग्राहक तयार झाले होते, हे सांगणारं काहीच मागे उरत नव्हतं. जनरेटरचा सीड, म्हणजे ज्या आकड्यापासून यादृच्छिक डेटा बनायला सुरुवात होते तो, लॉगमध्ये छापला असता तर तोच डेटा जसाच्या तसा पुन्हा उभा करता आला असता. तो छापलाच नव्हता.

शेवटी मी डेटाबेस साफ करणारी पायरी बंद केली आणि पुढच्या लाल रनची वाट पाहिली. तो चौथ्या रात्री आला. त्या ग्राहकाच्या खात्यावर दोन बिलं होती. आम्ही ग्राहक कोड बनवत होतो एक ठरलेलं अक्षर आणि चार यादृच्छिक आकडे जोडून, आणि टेस्टमध्ये ग्राहक होते ४०. दहा हजार शक्यतांमध्ये ४० कोड कसे आपटतील, असं वाटतं. पण जोड्या मोजल्या तर त्या ७८० भरतात, आणि निदान एक जोडी जुळण्याची शक्यता साडेसात टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे साधारण तेरा रनमागे एकदा. २३ माणसांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याचं जे गणित, तेच हे.

कोड जुळल्यावर टेस्ट तिथेच पडायला हवी होती. पण ग्राहक तयार करणाऱ्या आमच्या हेल्पर फंक्शनमध्ये ‘ग्राहक आधीच असेल तर तोच परत दे’ अशी सोय होती. ती चूक गिळत होती, आणि बोंब उठत होती बऱ्याच पायऱ्या पुढे, बाकी रकमेच्या आकड्यावर. डेटा तयार करणाऱ्या कोडमध्ये अशी सोय ठेवू नका. तिथे गडबड झाली तर मोठ्याने आणि त्याच ओळीवर फुटू द्या.

मी घाईने सीड ४२ वर पक्का केला. दोन दिवस शांततेत गेले. मग रन लवकर संपावा म्हणून टेस्ट चार वर्करवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या चार प्रोसेसवर, समांतर चालवल्या आणि सगळंच लाल झालं. चारही वर्कर एकाच सीडने सुरू होत होते, म्हणजे एकाच डेटाबेसमध्ये तेच ४० ग्राहक चार वेळा. आता सीडमध्ये वर्करचा क्रमांक मिसळतो, आणि ग्राहक कोड यादृच्छिक ठेवलेलाच नाही. वर्कर क्रमांक आणि त्यापुढे चढता आकडा. जे एकमेव असायला हवं ते नशिबावर सोडायचं नाही.

हे खरं तर आधी यायला हवं होतं: ईमेलसाठी एक्झाम्पल डॉट कॉमच वापरा. १९९९ च्या आरएफसी २६०६ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने ते नाव अशाच कामासाठी राखून ठेवलंय. मनाने रचलेला डोमेन कुणाचा तरी निघतो आणि टेस्टचे मेल त्यांच्याकडे जातात. कार्ड नंबरही नुसते १६ आकडे जोडून बनवू नका. लुनच्या तपासणीतून (कार्ड नंबरचे आकडे आपसांत जुळतात का ते पाहणारं सूत्र) दहातला एकच पार होतो, म्हणजे बाकी नऊ वेळा पेमेंटचा कोड चालतच नाही, आणि टेस्ट तपासते फक्त ‘नंबर चुकीचा’ हा संदेश.

नवा कोड मुख्य कोडमध्ये मर्ज होण्याआधीच्या रनला आम्ही सीड पक्का ठेवलाय. रात्रीच्या रनला मात्र रोज नवा, आणि तो लॉगच्या पहिल्याच ओळीत छापलेला. महिन्याभरात रात्रीचा रन पुन्हा लाल झाला. या वेळी कुणालाही पुन्हा चालवू दिला नाही. लॉगमधला सीड माझ्या मशीनवर घातला आणि पहिल्याच प्रयत्नात टेस्ट तिथेच पडली. ग्राहकाची जन्मतारीख २९ फेब्रुवारी होती. १८ वर्षं कधी पूर्ण होतात ते काढताना आमचा कोड वर्षात नुसते १८ मिळवत होता. लीप वर्षात १८ मिळवले की लीप वर्ष कधीच येत नाही, त्यामुळे त्या दिवशी जन्मलेल्या कुणाचीही नोंदणी आमच्याकडे झाली नसती. बग खरा होता, प्रॉडक्शनमधला होता, आणि तो सापडायला मला दहा मिनिटं लागली.