मुलींचा निवासी इंजिनिअरिंग आणि प्रॉडक्ट डिझाइन प्रोग्राम: माझा अनुभव

उन्हाळ्याच्या सुट्टीत फक्त मुलींसाठी असलेल्या एका निवासी इंजिनिअरिंग आणि प्रॉडक्ट डिझाइन प्रोग्रामला जाऊन आले, आणि त्याबद्दल सविस्तर लिहायचं तेव्हापासूनच डोक्यात होतं, कारण मी अर्ज भरत होते तेव्हा हसऱ्या मुलींचे फोटो खूप दिसले पण आत रोज काय करायला लावतात हे कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

आधी अर्जाचं. मार्कशीट मागतात, शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, पालकांचं संमतीपत्र, मेडिकल फॉर्म वगैरे, पण खरा विचार करायला लावणारा भाग म्हणजे निबंध. तुमच्या रोजच्या वापरातली नीट न चालणारी एखादी वस्तू घ्या आणि ती का चालत नाही ते लिहा, असा प्रश्न होता. मी दाराच्या कडीवर लिहिलं. ओल्या हाताने ती सरकत नाही, लहान बहिणीला तर आतून उघडताच येत नाही, म्हणून मी तिची मापं घेतली, चित्र काढलं आणि बोट कुठे घसरतं ते बाणाने दाखवलं. मुलाखतीत जवळजवळ सगळा वेळ त्या कडीवरच बोलणं झालं, कोडिंग येतं का हे कुणी विचारलंसुद्धा नाही. त्यामुळे ज्यांना वाटतं की आपल्याला रोबोटिक्स येत नाही मग अर्ज कशाला करायचा, त्यांनी प्लीज करा.

पहिले काही दिवस वर्कशॉपच्या शिस्तीत गेले. केस घट्ट बांधायचे, बाह्या सैल नकोत, पुढून बंद असलेले बूट, डोळ्यांवर गॉगल. मला सगळ्यात नवीन वाटलेला नियम म्हणजे ड्रिल प्रेसवर, म्हणजे भोक पाडायच्या उभ्या मशीनवर, हातमोजे घालायचेच नाहीत. मला वाटायचं मोजे म्हणजे जास्त सुरक्षित, पण फिरत्या बिटमध्ये मोज्याचं टोक अडकलं तर पूर्ण हात आत ओढला जातो. तसंच लेझर कटरवर पीव्हीसी, म्हणजे पाइपांचं प्लास्टिक, चालत नाही, कारण ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसांना वाईट आणि मशीनही गंजवतो. प्रत्येक नियमाचं कारण सांगायचे म्हणून तो पाळायला जड गेला नाही.

आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. शाळेच्या टीममध्ये मुलं-मुली एकत्र असायचो आणि तिथं माझ्याकडे कायम चार्ट आणि प्रेझेंटेशन यायचं, अक्षर चांगलं म्हणून. कुणी मुद्दाम करत नव्हतं, पण स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात आला की जरा वेळ लागतोय म्हटल्यावर कुणीतरी तो हळूच काढून घ्यायचं. इथं टीममध्ये कामं फिरती होती, आज मशीनवर तू, उद्या नोंदी तुझ्या, परवा टेस्टिंग, आणि कुणाचं काम दुसरीने उरकून टाकायचं नाही. बोल्ट बसत नसला तरी आम्हाला शिकवणाऱ्या ताई हात मागे बांधून शेजारी उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "आटे नीट धरलेत का बघ, उलटं थोडं फिरवून परत लाव." तो बोल्ट शेवटी आपल्याच हातून बसतो ना, तेव्हा पुढच्या मशीनची भीती अर्धी कमी झालेली असते. फक्त मुलींसाठी वेगळा प्रोग्राम कशाला असं मला बऱ्याच जणांनी विचारलं, माझ्याकडे त्याचं उत्तर हे आहे.

एका सेशनमध्ये गाड्यांच्या क्रॅश टेस्टमध्ये माणसाच्या जागी बसवतात त्या पुतळ्याबद्दल, म्हणजे डमीबद्दल, सांगितलं. हायब्रिड थ्री नावाचा डमी 1976 साली आला, तो सरासरी प्रौढ पुरुषाच्या मापाचा, आणि पुढे कितीतरी वर्षं गाड्यांची सुरक्षितता मुख्यतः त्याच्यावरच तपासली गेली. माप घेताना समोर कोण उभं आहे यावर वस्तू कुणाला बसणार ते ठरतं. हे ऐकून आमची रूम त्या रात्री दिवे बंद करायची वेळ झाली तरी बोलत होती.

प्रोजेक्टसाठी आम्हाला विषय मिळाला वयस्कर माणसांची औषधं. आमच्या डोक्यात लगेच आवाज करणारी डबी, वेळ झाली की लाइट, मोबाइलवर मेसेज. अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि सोल्डरिंग, म्हणजे वायरी डाग देऊन जोडणं, नुकतंच शिकलो होतो, त्यामुळे हात शिवशिवत होते. पण नियम असा की वापरणाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय काही बनवायचं नाही, आणि बोलताना "तुम्हाला अशी डबी आवडेल का" असं विचारायचं नाही कारण समोरचा माणूस आपलं मन राखायला हो म्हणतो. त्याऐवजी "काल गोळ्या कशा घेतल्या ते करून दाखवा" म्हणायचं. आम्ही ज्या आजींना भेटलो त्यांना संधिवात होता. वेळा त्यांना तोंडपाठ होत्या. करून दाखवताना त्यांनी स्ट्रिप घेतली, अंगठ्याने दाबायचा प्रयत्न केला, जमेना, मग कात्रीने कापायला लागल्या आणि गोळी टणकन उडून खाली. म्हणाल्या, "विसरत नाही गं मी, ही मेली बाहेरच येत नाही." आमच्या आवाज करणाऱ्या डबीचा विचार तिथेच संपला.

याच सुमारास आम्हाला ऑक्सो या स्वयंपाकघरातल्या वस्तू बनवणाऱ्या कंपनीच्या सोलाण्याची गोष्ट सांगितली होती. ही कंपनी काढणारे सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात होता, साधं सोलाणं धरताना हात दुखायचा, त्यातून जाड मऊ मुठीची अवजारं तयार झाली आणि 1990 साली बाजारात आली. ती फक्त संधिवातवाल्यांनी नाही, सगळ्यांनीच घेतली.

आम्ही तरफ वापरायची ठरवली, शाळेत शिकतो ती दुसऱ्या प्रकारची, म्हणजे अडकित्त्यासारखी, टेकू एका टोकाला, भार मध्ये, बल दुसऱ्या टोकाला. टेकूपासून गोळी 3 सेंटिमीटरवर आणि हाताने दाबायची जागा 12 सेंटिमीटरवर, म्हणजे घर्षण सोडलं तर गोळीवर चौपट जोर. खाली भोक असलेली प्लेट, वर मऊ टोकाचा दट्ट्या, स्ट्रिप फॉइलची बाजू खाली करून सरकवायची आणि बोटांनी नाही तर तळहाताने दाबायचं. गोळी फॉइल फोडून खालच्या वाटीत.

कागदावर हे फार सोपं दिसतं. पुठ्ठ्याचं मॉडेल झालं, मग थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकचा तरफेचा हात काढला आणि तो पहिल्याच दाबाला कटकन मोडला. तुटलेली जागा बघितली तर एकदम सपाट होती, थर जिथं एकमेकांना चिकटलेले असतात बरोब्बर तिथून. उभा प्रिंट केला की वाकवणारा जोर थर सोडवायला बघतो, तोच हात आडवा प्रिंट केला तर प्लास्टिकचे धागे लांबीने जातात आणि ताण सहन करतात. शिवाय आतलं इन्फिल, म्हणजे पोकळीतली जाळी, वाढवण्यापेक्षा बाहेरच्या भिंती वाढवल्या आणि टोकदार कोपऱ्याला गोलाई दिली, कारण तडा कोपऱ्यातूनच सुरू होतो. बिजागरीला एम3, म्हणजे 3 मिलिमीटर जाडीचा, बोल्ट होता, पण 3 मिलिमीटर काढलेलं भोक प्रिंटमध्ये आकसून येतं, म्हणून 3.3 ठेवलं. दट्ट्याच्या टोकाला टीपीयू हे रबरासारखं मऊ प्लास्टिक लावलं, नाहीतर कडक टोकाने गोळीचा भुगा होत होता.

टेस्टिंगला परत आजींकडे. गोळी निघाली, पण त्यांना बेस टेबलावरून घसरतो ही तक्रार होती, आणि ती आम्हाला एकदाही जाणवली नव्हती कारण आमच्यातली एकजण नकळत बेस धरून ठेवायची. खाली रबराचे पाय लावले. ज्या स्ट्रिपला दोन्ही बाजूंनी पातळ फॉइल असतं ती यात चालत नाही, ती फाडावीच लागते, आणि काही पॅक लहान मुलांना उघडू नयेत म्हणून मुद्दामच अवघड केलेले असतात त्यामुळे असं साधन मुलांच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही. शेवटच्या दिवशी सादरीकरणात आम्ही या दोन्ही गोष्टी आपणहून सांगितल्या, परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले आणि मला ते फार आवडलं.

राहण्याचं म्हणाल तर घरची आठवण पहिल्या आठवड्यात येते, नंतर वर्कशॉप बंद व्हायच्या आत प्रिंट लावायची घाई इतकी असते की फोन करायचाच राहतो. आईने अर्जाआधी फोन करून रात्री हॉस्टेलवर कोण असतं, आजारी पडल्यावर काय करतात ते सगळं विचारून घेतलं होतं, तुम्हीही विचाराच. फीमध्ये सवलत किंवा स्कॉलरशिप आहे का तेही विचारा, फॉर्मवर ते बारीक अक्षरात असतं. आणि एक प्रश्न नक्की विचारा, प्रत्येक मुलगी स्वतः मशीन चालवते का की डेमो बघते, आणि किती मुलींमागे एक शिकवणारी असते. उत्तर गोल गोल आलं तर दुसरा प्रोग्राम शोधा.