आधार क्रमांकाचा रकाना

सरकारी अनुदानासाठीच्या प्रस्तावाची शेवटची तारीख शनिवार होती, म्हणजे खरं तर शुक्रवार. राज्य सरकारी कार्यालयांना 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झालाय आणि जाहिरातीतला शनिवार खरा मानायचा नसतो, हे शिकण्यात आमचं एक अनुदान आधीच गेलं होतं. त्यामुळे शुक्रवारी अकराच्या आत मी फाईल छातीशी धरून त्या कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर हजर. सहा वर्षांत हा आमचा चौथा प्रस्ताव.

आमचं काम सांगायला सोपं आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांसोबत आम्ही पोलीस ठाण्यात, हॉस्पिटलात आणि कोर्टात जातो. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, भाषेत सपोर्ट पर्सन. गोवंडीतल्या दोन खोल्यांत ऑफिस, दोन समुपदेशक, मी, आणि आठवड्यातून दोनदा येणारे हिशेबाचे काका. लोकांना वाटतं, सरकार पीडितांना पैसे देतं, मग तुम्हाला वेगळे कशाला? मनोधैर्य योजना 2013 पासून आहे, 2017 पासून त्यात दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते, हे सगळं खरं. पण ते पैसे त्या मुलीचे. तिच्या आईला चार वेळा गोवंडीहून फोर्टच्या सेशन्स कोर्टात न्यायचं, तिची धुणीभांडी बुडतात म्हणून दुपारचं जेवण द्यायचं, 'आज साहेब रजेवर' असं ऐकून परत आणायचं, याचा खर्च कुठल्याच योजनेत बसत नाही. रिक्षाचं मीटर आता 26 रुपयांपासून सुरू होतं आणि रिक्षावाला पावती देत नाही. आमच्या हिशेबात सगळ्यात जास्त भांडणं या एका ओळीवरून होतात.

देणग्यांवर चालवायचं तर पगार तीन-तीन महिने लांबतात आणि शिकवून तयार केलेली समुपदेशक निघून जाते. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला-मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तो टिकला आणि राज्यभर पसरला, कारण पुढे तो सरकारने स्वतःच्या कामात घेतला. आमचं स्वप्न एवढं मोठं नाही. दोन पगार वेळेवर निघावेत, बस्स.

तर खिडकीपलीकडचे लिपिक. निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी फाईल उलटी धरली आणि शेवटच्या पानापासून तपासायला घेतली. सवयीचे लोक असेच तपासतात, कारण त्रुटी नेहमी जोडपत्रांत असते. ट्रस्टची नोंदणी, तीन वर्षांचे ऑडिट, आयकराची 12-अ नोंदणी, सरकारच्या एनजीओ दर्पण पोर्टलचा क्रमांक, ठराव, हमीपत्र. मग बोट थांबलं.

"लाभार्थ्यांची यादी कुठंय?"

"ही काय, साहेब."

"ही नाही. नमुन्यातली. नाव, वय, पत्ता, आधार क्रमांक, सही किंवा अंगठा, फोटो."

तो नमुना मी आदल्या रात्री पाहिला होता. शेवटच्या रकान्यात चक्क 'वस्तू प्राप्त झाल्याची सही' असं होतं. कधीकाळी शिलाई यंत्र वाटपाला केलेला कागद कुणीतरी आमच्या योजनेला जोडला होता. मी त्यांना पॉक्सोचं कलम 33(7) सांगितलं, भारतीय न्याय संहितेचं 72, म्हणजे दंड संहितेतलं जुनं 228-अ, तेही सांगितलं. दोन्हींचा मतितार्थ एकच, पीडितेची ओळख उघड करायची नाही.

"अहो मॅडम, आम्ही कुठं पेपरात छापतोय? उद्या ऑडिटवाले मला धरतील, तुम्हाला नाही."

खरं सांगते, मुद्दा बिनतोड होता. 72 मध्ये शब्द छापण्याचा आणि प्रसिद्ध करण्याचाच आहे. पण ही फाईल सात-आठ टेबलांवरून फिरणार, तिच्या झेरॉक्स निघणार, एखादी माहिती अधिकारातही मागितली जाणार. निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये सांगितलंय की ज्या अधिकाऱ्यांना नाव कळतं त्यांनीही ते गुप्तच ठेवायचं. त्या निकालाची पानं खूण घालून मी सोबत ठेवली होती. त्यांनी ती बाजूला सरकवली. "जेवण झाल्यावर या."

बाकड्यावर बसले आणि पर्समध्ये हात गेला. आत दुसरी यादी होती. काकांनी आदल्या संध्याकाळी 'असू द्या, लागलीच तर' म्हणत काढून दिलेली, बत्तीस नावांची, आधार क्रमांकासकट. ती मी सोबत आणलीच का, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. अडीच वाजेपर्यंत ती दोनदा बाहेर काढली आणि दोनदा आत ठेवली. दोन पगार आणि एक कागद. तिसऱ्यांदा हात गेला तेव्हा उठून लेडीज टॉयलेटमध्ये गेले, तिचे तुकडे केले, आणि तिथल्या टोपलीत टाकायचं धाडस होईना म्हणून माझ्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात भरून झाकण लावलं.

तीनला लिपिक परत आले. फाईलमधली माझी यादी, म्हणजे नावांऐवजी सांकेतिक क्रमांक घातलेली, त्यांनी पहिल्यांदाच नीट वाचायला घेतली. या यादीचा मला अभिमान होता. क्रमांक, वय, वस्ती, इयत्ता, आरोपीशी नातं, खटल्याची स्थिती. ते बोट ठेवून खाली खाली जात होते. एकोणिसाव्या ओळीवर बोट थांबलं ते हलेना. चष्मा कपाळावरून खाली आला.

"ही सातवीतली," ते अगदी हळू म्हणाले, "हिचा सावत्र बाप केबलचं काम करतो का?"

मी काहीच बोलले नाही. मला काही बोलता येतही नव्हतं. वय, वस्ती, इयत्ता आणि नातं. चार रकाने जोडले की त्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला नावाची गरजच उरत नव्हती. ज्या यादीच्या जोरावर मी सकाळपासून कलमं ऐकवत होते, तिनेच मुलीला उघडं पाडलं होतं.

त्यांनी पान झटकन उलटं केलं. शेजारच्या टेबलाकडे एकदा बघून घेतलं. मग ड्रॉवरमधून काळं स्केच पेन काढून वस्तीचा रकाना गिरवला, कागद ट्यूबलाइटसमोर धरला आणि मला दाखवला. अक्षरं आरपार वाचता येत होती.

"चालणार नाही. दुसरी काढून आणा. वस्ती नको, इयत्ता नको, नातं तर नकोच. वय असं लिहा, बारापर्यंत आणि बारा ते अठरा. जिल्हा पुरे."

खाली झेरॉक्सच्या दुकानात मी पेन ड्राइव्हवरून बदल केले, पाच रुपये पान. दुकानाच्या डेस्कटॉपवर आपली फाईल राहिली नाही ना, हे रिसायकल बिनपर्यंत जाऊन तपासलं. मागे रांगेतला मुलगा वैतागला.

वर आले तेव्हा ते टिपणी लिहीत होते. सुंदर अक्षर. 'लाभार्थ्यांची ओळख कायद्याने गोपनीय असल्याने विहित नमुन्यातील यादीऐवजी विश्वस्तांचे प्रमाणपत्र स्वीकारण्यास हरकत नसावी. मूळ नोंदवही संस्थेच्या ताब्यात राहील. तपासणी अधिकाऱ्यास ती संस्थेच्या कार्यालयात पाहता येईल, प्रत घेता येणार नाही.' शेवटची ओळ मला सुचली नसती. वरच्या साहेबांची सही त्यांनी स्वतः जाऊन आणली. जुनी यादी माझ्या हातात परत दिली, घडी घालून. तीही डब्यात गेली.

सहा वाजले होते. आवक नोंदवहीत क्रमांक पडला, त्यांनी पोच देण्यासाठी माझी प्रत ओढली, शिक्का शाईच्या पॅडवर टेकवला आणि तसाच धरून ठेवला.

"बरी आहे ना ती? शाळेत जाते?"

"कोण, साहेब?" मी विचारलं.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मान हलवली, आणि शिक्का मारला.