कम्युनिटी हॉस्पिटलातून जीआय फेलोशिप: आधी हे वाचा

परवा निकाल लागला, जीआयला (गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी, म्हणजे पचनसंस्थेच्या आजारांच्या फेलोशिपला, रेसिडेन्सीनंतरच्या पुढच्या प्रशिक्षणाला) मॅच झाले, म्हणजे अमेरिकेतल्या निवडप्रक्रियेत मला जागा मिळाली. त्या आनंदात लिहायला बसले आहे, त्यामुळे सूर थोडा चढा लागेल. पण पेनसिल्व्हेनियातल्या माझ्यासारख्या छोट्या हॉस्पिटलात येणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे कुणीतरी सांगायलाच हवं.

रेसिडेन्सीच्या (डॉक्टर झाल्यावरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाच्या) मुलाखतीत मला एक स्लाइड दाखवली होती: 'आमचे रेसिडेंट कुठे कुठे गेले'. कार्डिऑलॉजी, जीआय, मोठमोठी नावं. रुजू झाल्यावर कळलं की ती यादी दहा वर्षांची होती आणि त्यातले जीआयचे दोघेही ग्रीन कार्डवाले. मी सरळ फसले. तुम्ही मुलाखतीतच विचारा: गेल्या तीन वर्षांत जीआयला अर्ज किती जणांनी केला, मॅच किती झाले, त्यात व्हिसावाले किती? उत्तर देताना आढेवेढे घेतले, तर तो प्रोग्राम रँक लिस्टमध्ये, म्हणजे तुमच्या पसंतीक्रमाच्या यादीत, खाली ढकला.

रेसिडेन्सी तीन वर्षांची असली तरी अर्ज तिसऱ्या वर्षाच्या जुलैतच प्रोग्रामांपुढे जातो. संशोधन दाखवायला हातात चोवीसच महिने. एसीजीची (जीआय डॉक्टरांच्या अमेरिकन संघटनेची) परिषद ऑक्टोबरात असते, पण तिचे ॲब्स्ट्रॅक्ट (संशोधनाचे किंवा केसचे सारांश) जूनमध्येच घेतात. डीडीडब्ल्यू ही जीआयची दुसरी मोठी परिषद मे महिन्यात, तिचे डिसेंबरच्या सुरुवातीला. म्हणजे तुमची पहिली खरी तारीख इंटर्न वर्षाचा, म्हणजे रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाचा, जून. मला हे ऑगस्टात कळलं.

ॲब्स्ट्रॅक्टसाठी केसेस मात्र छोट्या हॉस्पिटलात भरपूर मिळतात. डॉक्सिसायक्लिनची गोळी पाण्याशिवाय गिळून अन्ननलिकेत व्रण झालेला एक ट्रक ड्रायव्हर माझ्याकडे ॲडमिट होता. स्कोपीचे (दुर्बिणीने केलेल्या तपासणीचे) फोटो सुरेख आले होते. केस छापायला संमतीची सही उद्या घेऊ म्हटलं, तो पहाटेच घरी गेला, आणि नंतर तीन आठवडे त्याचा फोन लागेना. सही पेशंट बेडवर असतानाच घ्या.

आता या वाटेवरचा सगळ्यात वाईट टप्पा: शिफारसपत्रं. आमच्याकडे जीआय फेलोशिपच नाही, त्यामुळे फेलो नाहीत, रिसर्च को-ऑर्डिनेटर नाही. स्कोपी करणारे डॉक्टर खाजगी प्रॅक्टिसवाले, माणूस सोन्यासारखा. पत्र मागितलं तेव्हा ग्लोव्ह्ज काढता काढता म्हणाले, "मी लिहीन गं, पण मला तिथे ओळखतं कोण?" त्या रात्री मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. ते बरोबरच बोलत होते. यावर उपाय एकच: दुसऱ्या वर्षाचं इलेक्टिव्ह (आपल्या पसंतीच्या विभागातलं काम) मोठ्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात. मी सव्वीस ईमेल पाठवले, चार उत्तरं आली, एक होकार. त्याच एका महिन्याच्या पत्राने मला मुलाखती मिळाल्या, असं माझं ठाम मत आहे. आपल्या प्रोग्रामची परवानगी, मालप्रॅक्टिस विमा (उपचारातल्या चुकांसाठीचा) आणि करार यांतच चार-पाच महिने जातात, तेव्हा इंटर्न वर्षाच्या जानेवारीतच हात घाला.

'पैसे भरा, पेपरवर नाव मिळवा' म्हणणारे भेटतील. माझ्याकडे अठराशे डॉलर मागितले. एक सेंटही देऊ नका. हे चुकीचं आहेच, शिवाय मुलाखतीत त्या पेपरच्या पद्धतीवर दुसराच प्रश्न आला की बोलती बंद होते.

व्हिसाबद्दल स्पष्ट सांगते: फेलोशिप हवीच असेल तर जे-१ (प्रशिक्षणासाठीचा एक्सचेंज व्हिसा) घ्या. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) देणारे फेलोशिप प्रोग्राम कमी, आणि रेसिडेन्सी-फेलोशिपच्या तीन अधिक तीन वर्षांत त्याची सहा वर्षांची मर्यादा तिथेच संपते. जे-१ला पुढे दोन वर्षं मायदेशी किंवा वेव्हर (त्या अटीतून सूट), आणि ती सूट देणाऱ्या कॉनराड योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला ३०च जागा. ते ओझं मी डोळे उघडे ठेवून घेतलं आहे.

मुलाखती ऑनलाइन झाल्या, छान झाल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अर्जाची फी मात्र प्रोग्राम वाढवाल तशी टप्प्याटप्प्याने चढते. मी तरी ऐंशीच्यावर ठिकाणी अर्ज केला आणि व्हिसावाल्यांनी हात आखडता घेऊ नये असंच म्हणेन. आणि भारतातल्या कॉलेजकडून ट्रान्सक्रिप्ट (गुणांची अधिकृत नोंद) मार्चमध्येच मागवा. माझं जूनच्या शेवटी आलं, तेही बाबांनी तिथल्या क्लार्कच्या टेबलासमोर तीन दिवस बसून काढलं म्हणून.