केबीआरची पेलेट आणि नाशिकचा पावसाळा

अंबड एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये मी लागले ती ऐन जूनमध्ये. आलेला कच्चा माल लेबलवर लिहिलाय तोच आहे ना, हे आयआर स्पेक्ट्रमवरून, म्हणजे रेणूतले बंध ताणले-वाकवले जाताना कोणता इन्फ्रारेड प्रकाश शोषतात त्याच्या आलेखावरून, तपासायचं काम माझ्याकडे आलं. एम.एस्सी.ला स्पेक्ट्रम वाचायला भरपूर शिकवलं होतं, पण पेलेट बनवायला कुणी बसवलं नव्हतं. पेलेट म्हणजे नमुना पोटॅशियम ब्रोमाइडच्या (केबीआरच्या) पुडीत मिसळून पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून केलेली पारदर्शक चकती.

पोटॅशियम ब्रोमाइडच का, हे मला आधी नीट समजून घ्यायचं होतं. त्यात नुसते पोटॅशियम आणि ब्रोमाइडचे आयन. ताणला-वाकवला जाईल असा सहसंयुज बंधच नाही. स्फटिकाची जाळी सगळी मिळून थरथरते, पण आयन जड असल्यामुळे ते शोषण ४०० सेमी⁻¹च्या (एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या लहरींच्या संख्येच्या) खाली जातं. म्हणून ४००० ते ४०० हा आपल्या कामाचा पट्टा मोकळा राहतो. साध्या मिठाचे आयन हलके, त्यामुळे ते ६५०च्या आसपासच प्रकाश अडवायला लागतं. शिवाय जोरात दाबलं की केबीआरचे कण न तापवताही एकमेकांत सरकून सलग चकती होते. ही पद्धत १९५२ साली पुढे आली आणि अजून बऱ्याच फार्मा लॅबमध्ये चालते.

नडतो तो ओलावा. केबीआर हवेतलं पाणी धरतं. जुलैत पांडवलेणीचा डोंगर ढगात बुडालेला असतो, पाऊस दिवसभर भुरभुरतो, त्यात बाटलीचं झाकण जरा वेळ उघडं राहिलं तरी पेलेट दुधट येते. स्पेक्ट्रममध्ये ३४००च्या आसपास रुंद पट्टा आणि १६४०जवळ आणखी एक दिसतो. पॅरासिटामॉलला तर हे फारच त्रासाचं. त्याच्या एन-एच बंधाचा पीक (शोषणाचं टोक) ३३२५च्या आसपास, ओ-एच बंधाचा ३१६०जवळ आणि अमाइडच्या कार्बोनिलचा १६५५जवळ. पाण्याचे दोन्ही पट्टे नेमके त्यांच्याच अंगावर येतात. औषधाचं काय आणि पावसाचं काय, हे वेगळं सांगता येत नसेल तर त्या कागदावर सही करायला माझा हात धजत नव्हता.

सीनियर मॅडम म्हणाल्या, "अगं, केबीआर रात्रभर ओव्हनला ११०वर ठेव, गार डेसिकेटरमध्येच कर. आणि डाय गरम करून घे, गार डायला ओल धरते." डेसिकेटर म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं झाकणबंद भांडं; त्यातलं ओल शोषणारं निळं सिलिका जेल गुलाबी झालं की त्याच दिवशी बदलायचं, हेही त्यांनीच लावून दिलं.

खरं कसब घोटण्यात आहे. अगेटच्या (अकीक दगडाच्या) खलात आधी नमुना एकटाच घ्यायचा, एक-दोन मिलिग्रॅम, आणि पिठीसाखरेहून मऊ करायचा. सुरुवातीला खल करकरतो, मग आवाज हळूहळू विरतो आणि पूड भिंतीला चिकटायला लागते. मी आता तेवढ्यावरूनच ओळखते. कण दोन मायक्रॉनपेक्षा मोठे राहिले तर ४०००च्या बाजूला प्रकाश विखुरतो आणि बेसलाइन (आलेखाची पायाची रेषा) तिकडे खाली झुकते. मग २०० ते ३०० मिलिग्रॅम केबीआर थोडंथोडं मिसळायचं, पण ते रगडत बसायचं नाही. जितकं बारीक, तितकं ते जास्त पाणी ओढतं.

पुढचं सोपं. १३ मिलिमीटरच्या डायमध्ये पूड सारखी पसरायची, व्हॅक्यूमने हवा काढायची, आठ ते दहा टन दाब दोनेक मिनिटं ठेवायचा आणि हळूच सोडायचा. झटक्यात सोडला तर तडा जातो. चकती लॉगबुकावर धरली आणि खालची अक्षरं स्पष्ट वाचता आली, की ती मशीनमध्ये लावायची. अशी चकती पहिल्यांदा जमली, त्या दिवशी मला फार बरं वाटलं!

मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइडला मात्र मी केबीआर वापरत नाही. दाबताना औषधातला क्लोराइड आणि केबीआरमधला ब्रोमाइड यांची अदलाबदल होऊ शकते आणि स्पेक्ट्रम बदलतो. अशा हायड्रोक्लोराइड क्षारांसाठी पोटॅशियम क्लोराइडची पेलेट करतात.

काम संपलं की डाय आधी पाण्याने, मग ॲसिटोनने धुऊन कोरडी करून डेसिकेटरमध्ये ठेवायची. नाशिकच्या पावसाळ्यात डायला केबीआर लागून राहिलं तर पोलादावर गंजाचे ठिपके पडतात, आणि अशा डायमधून चकती अखंड निघत नाही.